माहं कोपर आन् नातीचा पाय

तवा खोलीत आमी पाच जणं होतो. एक मी. दुसरा माहा पोरगा, वारंगा फाट्यावर गाड्यांचे टायर बसवतो तो. तिसरी माही सून, नुकती बाळंत झालेली, बाजंवर पडलेली. चौथी सुनंची माय, म्हंजे माही इहीण. घर तिचंच, शिरड शहापूरला, पहिलं बाळंतपण माहेरी असते म्हून. आन् पाचवं ते लेकरू, माही नात, जन्मून आठवडा बी झाला नव्हता. बाकीचे सोयरे बाहेर ओसरीवर चहा पीत होते, त्यांचं ह्यात काही न्हाई.

हळद शिजवायचे दिस होते. तरी कामातून येळ काढून मी डिंक, खोबरं, खारका आन् लेकराला झबलं-टोपरं घिऊन गेल्ते. लेकरू इहीणबाईच्या मांडीवर होतं. फडक्यात असं घट्ट गुंडाळलेलं की निस्तं तोंड दिसून राहिलं.

म्या म्हणलं, "द्या की इकडं. हातपाय बघू द्या नातीचे."

"आत्ताच निजली. थंडी हाय."

"थंडी कुठली इहीणबाई? पंखा तं तुमीच लावला."

इहीणबाईनं फडकं आजून आवळलं. सून भिंतीकडं तोंड करून पडली. पोरगं खाली बघून राहिलं. तवा मला कळलं, हितं काहीतरी झाकून ठिवलंय. म्या उजव्या हातानं लेकरू उचललं, डाव्या हातावर निजवलं आन् फडकं सोडलं.

उजवा पाय झ्याक होता. डावा पाय घोट्यापासून आत वळलेला. बोटं दुसऱ्या पायाकडं आन् तळवा वर. तळवाच माह्याकडं बघून राहिला म्हणा.

"मी हाय ना," इहीणबाई म्हणली. "गावातल्या सगळ्या लेकरांला म्याच न्हाऊ घातलं. डोके गोल केले, नाकं सरळ केले. हा पाय काय मोठा? तेलात रोज चोळीन, थोडा थोडा वढीन. टाळू भरून येईस्तोवर पाय बी जाग्यावर येते."

खोटं न्हाई सांगत, तिचा हात चांगलाच होता. ती न्हाऊ घालायची तवा लेकरू रडायचं बंद व्हायचं. डोक्याच्या मऊ जागी टाळूवर तेल घालून असं जिरवायची की बघत ऱ्हावं. गावच्या लेकी माहेरी आल्या की आधी तिलाच बोलावणं.

पोरगं हळूच म्हणलं, "माय, दवाखान्यातली नर्सबाई म्हणली का जिल्ह्याच्या गावाला न्या. तिथं पलस्तर घालून पाय सरळ करतात."

"पलस्तर!" इहीणबाई एकदम तापली. "एवढ्याशा जिवाला? बांधून ठिवल्यावर काय होते ते दुसरीकडं काहून बघायला जाता जावाईबापू? तुमच्या मायच्या हाताकडं बघा की. बांधला आन् लाकूड झाला."

सगळ्यांनी माह्या हाताकडं बघितलं. सून बी वळली. लेकरू त्याच हातावर निजलेलं होतं.

आता हाताचं सांगते. माहं लेकरपण शेळ्यांमागं गेलं. शाळा दुसरीपस्तोर झाली तेवढीच. एकदा बाभळीवर चढून शेळ्यांला पाला तोडून राहिले होते, फांदी मोडली आन् मी हातावर पडले. डावं कोपर गेलं. माहा बाप हाडं बसवण्यात हुशार होता, पण शेळ्यामेंढ्यांची. करडाच्या पायाची नळी मोडली की तो ती वढून जुळवायचा, अंडं फोडून त्यात हळद कालवून लावायचा, चिंधी गुंडाळायचा आन् चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या बांधायचा. करडू तीन पायावर उड्या मारत हिंडायचं आन् एक दिस चौथा पाय टेकवायचं. बापानं बांधलेलं एक बी करडू लंगडं ऱ्हायलं न्हाई.

माहा हात बी त्यानं तसाच बांधला. सरळ करायला गेला की मी बोंबलायचे, म्हून वाकडाच ठिवला, कामट्या आवळल्या आन् फडक्यानं गळ्यात अडकवला. लई दिस ठिवला. जास्त ठिवलं की जास्त पक्कं होते, असं त्याला वाटायचं. सोडल्यावर बघतो तं दुखणं गेलं होतं, हाड जुळलं होतं, पण कोपर काही हलंना. ना सरळ होईना ना दुमडंना. अर्ध्यात आटकलं ते आजवर अर्ध्यातच हाय. बाप त्या दिशी बांधावर जाऊन बसला. करडं सारी नीट झाली आन् माहाच हात काहून न्हाई, हे तो बी मनात इचारत असंल. म्या तं जन्मभर इचारलं.

हाल झाले, न्हाई कशाला म्हणू. दोन जागचे पाव्हणे बघून गेले, पोरीला हात न्हाई म्हणले. तिसऱ्या जागी दिलं. त्याला जमीन नव्हती म्हून त्याला कोणी पोरगी देत नव्हतं. आमचं बरं जुळलं. घागर उजव्या कमरंवर. कापूस बाकीच्या बाया दोन हातानं येचायच्या, मी दीड हातानं. निंदायला गेलं की माही पात, म्हंजे वाट्याची ओळ, मागं ऱ्हायची, म्हून मी आधी सुरू करायचे आन् शेवटी उठायचे. लोक वाकडी म्हणायचे. कामाला बोलावून राहिलेत ना, मंग कोणत्या का नावानं बोलावनात.

तकलीफ एकाच गोष्टीची वाटायची. आंबाडा बांधता येत नव्हता. डावा हात मानंमागं जातच न्हाई. लग्नाआधी माय बांधून द्यायची, मंग नवरा. तो सकाळी रानात जायच्या आधी दार लोटून माहे केस बांधायचा. कोणी बघितलं तं गावभर हसू होईल म्हून दार लोटायचा. पहिल्या पहिल्यांदा तं बैलाचं दावं बांधल्यासारखी गाठ मारायचा. पुढं लई चांगलं बांधायला लागला. तो गेला तवा पोरगं लहान होतं. मंग मी एका हातानं केस गुंडाळून काडी खुपसायला शिकले. दिस निघून गेले.

म्हून सांगते, त्या दिशी इहीणबाई बोलली ते काही उगं न्हाई. बांधलेला सांधा लाकूड होते, हे माह्यापेक्षा कोणाला जास्त म्हाईत? आन् वाकडी म्हून जगणं कसं असते, तेबी मलाच म्हाईत. बांधलं आन् पाय आखडला तं लेकराचा जन्म गेला. न्हाई बांधलं आन् वाकडाच ऱ्हायला तरी गेला. सून मला म्हणली, "आत्याबाई, तुमी सांगता तसं करते."

म्या म्हणलं, "मला काय कळते? आधी इचारून तं येऊ."

दुसऱ्या दिशी पोराच्या दोस्ताच्या गाडीत बसून निघालो. इहीणबाई बी आली. लेकरू कोणाच्या हवाली करते ती? औंढ्याला गाडीतूनच तिनं नागनाथाला हात जोडले आन् मोठ्यानं म्हणली, "देवा, हिला पलस्तर लागू देऊ नको." म्या बी हात जोडले. मी काही मागितलं न्हाई. काय मागावं तेच कळंना.

दवाखान्यात डाक्टरीनबाई होती, तरणी पोरगी. तिच्या खोलीत एका बाजूला हाडाचा सापळा टांगलेला, आख्खा माणूसच. इहीणबाईनं पदर तोंडाला लावला.

"आगं बया, हे कोण?"

"कोणी नाही मावशी, प्लास्टिकचा आहे."

"व्हय का? मला वाटलं नंबर लावून बसल्ता."

डाक्टरीनबाई लई हसली. तिथून जरा मोकळं वाटायला लागलं.

तिनं लेकराचा पाय दोन बोटांत धरून हळू हळू फिरवून बघितला. लेकरू रडलं बी न्हाई. मंग ती सुनंला म्हणली, "पाय मोडलेला नाही. पोटातच असा वळला. तुझ्या कोणत्या वागण्यानं झालेला नाही." सून जी रडायला लागली ती थांबंचना. गावातल्या बाया तिला म्हणल्या होत्या, चांदाला गिरन लागलं तवा पाय दुमडून बसली असशील. बिचारीनं ते कोणाला सांगितलं नव्हतं. इहीणबाई तिच्या पाठीवर हात फिरवत ऱ्हायली.

मंग इहीणबाईनं आपलं घोडं पुढं दामटलं. "म्याडम, मी तेल लावून चोळून नीट करते हिचा पाय."

"तुमच्या हातानं तो सैल होईल मावशी. पण हात काढला की परत आत जाईल. त्याला तिथंच धरून ठेवायला काहीतरी पाहिजे ना?"

"आन् धरून ठिवला का असा होते!" इहीणबाईनं माहा हातच धरून टेबलावर ठिवला, पुरावा ठिवावा तसा.

डाक्टरीनबाईनं हात चाचपला, कोपर दाबलं, कसं झालं ते इचारलं. म्या बाभूळ, बाप, करडू, कामट्या सारं सांगितलं. ती उठली आन् मला सापळ्याजवळ घिऊन गेली. त्याचा पाय धरला आन् गुडघ्याखालच्या नळीवर बोट ठिवलं. "करडांच्या पायाची नळी इथं मधेच मोडायची. इथं फक्त हाड आहे. मोडलं की दोन टोकांमधे नवं हाड भरतं, जुळून जातं. ते हलू नये म्हणून बांधायचं. वडील बरोबर करत होते." मंग सापळ्याचं कोपर धरलं आन् उघडझाप केली. "पण हा सांधा आहे. दाराच्या बिजागरीसारखा. एका हाडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत फिरतं. तुमचं बिजागरीतच मोडलं. नीट बसलं नाही, खाचेतच नवं हाड भरलं. वरून इतके दिवस हलवलंच नाही, म्हणून आजूबाजूचं सगळं आखडून गेलं."

"म्हंजे करडाचं मोडलं ते येगळं आन् माहं येगळं?"

"हो आजी. हाड एकच, जागा वेगळी."

मी सापळ्याचं कोपर एकदा हलवून बघितलं. किती सोपं हलत होतं. माह्या मनात आलं, हे बापाला कोणी सांगितलं असतं तं बरं झालं असतं. हातासाठी न्हाई, हाताचं काय, ते होऊन गेलं. त्याच्या जिवाला बरं वाटलं असतं.

"मंग ह्या लेकराचं काय?" म्या इचारलं. "हिचा बी सांधाच हाय."

तिनं एक काळा फोटू उजेडापुढं धरला. दुसऱ्या कोण्या लेकराचा पाय होता, नुकत्या जन्मलेल्या. बोटांच्या बारीक काड्या दिसत होत्या. टाचंकडं दोन-तीन मणी. आन् मधात सारं रिकामं.

पोरगं म्हणलं, "हाडं कुठं गेले ह्याचे?"

"अजून व्हायची आहेत," ती म्हणली. "तिथं हाडाच्या जागी कूर्चा असते. फोटोत दिसत नाही. कूर्चा म्हणजे काय, आपापला कान वरून दाबून बघा." आमी सगळ्यांनी कान दाबला. इहीणबाईनं दोन्ही दाबले. "वाकवला की वाकतो, पण मोडत नाही. लेकराचा पाय आतून बराचसा असा असतो. मग हळूहळू त्या कूर्चेत हाड भरत जातं. वाढ होते तशी कूर्चा कमी, हाड जास्त. पार मोठं होईपर्यंत हे चालूच राहतं. लेकराच्या टाळूचंही तसंच, आधी मऊ, मग हाडं एकमेकांना भिडतात."

इहीणबाई म्हणली, "ते मी तेलानं भरते."

"तेल तुम्ही घाला मावशी, भरते ती आपली आपण."

इहीणबाईला ते काही पटलं न्हाई, तिनं लेकराच्या टाळूवर हात ठिवला.

मला आमची हळद आठवली. कढईतून काढलेलं हळकुंड बोटानं दाबलं तं दबते. तेच उन्हात वाळलं की दगड. मंग वाकडं ते वाकडंच. मी तसं बोलले तं डाक्टरीनबाई म्हणली, "बरोबर आजी. हिची हळद अजून ओली आहे. म्हणून आत्ताच." आन् तिनं सांगितलं, पलस्तर एकदा घालून ठिवायचं नसते. दर आठवड्याला काढायचं, पाय जरासा बाहेर फिरवायचा, जितका तो आपण होऊन येईल तितकाच, आन् नवं घालायचं. शेवटी टाचंमागची शीर बारीक चीर देऊन जरा सैल करावी लागंल. "पलस्तर सोपं आहे," ती म्हणली. "पुढं बूट आहेत. दोन बूट आणि मधे दांडी. आधी रात्रंदिवस, मग झोपताना, चार-पाच वर्षांची होईपर्यंत. लोक तिथं कंटाळतात. पाय सरळ दिसला की बूट सोडतात आणि पाय परत वळतो. तेवढं जमणार असेल तर सुरू करू."

पोरगं सुनंकडं बघे, सून मायकडं बघे. इहीणबाई म्हणली, "घरी जाऊन इचार करू. बांधाबांधीचं काम हाय."

मंग मीच बोलले. "इहीणबाई, माहा हात दाखवून हिचा पाय अडवू नका. माहा हात बांधून ठिवल्यावर तो कोणी उघडून बघितला न्हाई. हिचा दर आठवड्याला उघडून बघणार हाईत. माह्या हाताचं सांगायचंच असंल तं हे सांगा, का जल्दी काही केलं न्हाई म्हून तो असा ऱ्हायला." आन् डाक्टरीनबाईला म्हणलं, "घाला पलस्तर. बुटाचं मी बघते."

घातलं. मांडीपस्तोर पांढरं पलस्तर, पुढून बोटं तेवढी बाहेर. लेकरू ते उचलून धपकन आपटायचं आन् दचकायचं.

पुढं दर आठवड्याला आमची वारी दवाखान्यात. पलस्तरामुळं लेकराला न्हाऊ घालता येत न्हाई, आन् इहीणबाईचा जीव नुस्ता तळमळायचा. तिला कळलं का जुनं पलस्तर काढल्यावर नवं घालायच्या आधी थोडा येळ पाय मोकळा असते. पुढच्या खेपंला ती गरम पाण्याचा थर्मास, घमेलं आन् तेलाची बाटली घिऊनच गाडीत बसली. दवाखान्यात बाकड्यावर पाय पसरून तिनं लेकरू मांडीवर घेतलं. तेलाची बाटली उघडली तशी नर्सबाई धावत आली.

"पायाला तेल नका लावू हो मावशी, पलस्तर निसटतं!"

"आता पाय सोडून लेकराला तेल लावायचं व्हय?"

"हो, पाय सोडून."

तवापासून पाय सोडून. पण न्हाऊ घातलं तिनंच. दुसऱ्या बायांची लेकरं बी रडत असली की तिच्याकडं द्यायच्या. पलस्तराच्या दिशी ती तिथली न्हाणं घालणारी झाली. आन् दर खेपंला पाय थोडा जास्त बाहेर आलेला असायचा. ती तो हातात घिऊन फिरवून बघायची, मला दाखवायची. "आला बगा इहीणबाई." चोळून आणला असता तं जेवढी खूश झाली असती तेवढीच खूश.

शीर सैल करायचं झालं. त्या दिशी सून जेवली न्हाई. मंग शेवटचं पलस्तर काढलं तवा पाय सरळ. सगळी रडलो, पोरगं बी. आन् मंग बूट.

ते खरं अवघड गेलं, डाक्टरीनबाई म्हणली तसंच. लेकराला दोन्ही पाय एका दांडीला. पलटी मारता येईना, रडायचं. सून तोवर आमच्या घरी आल्ती. रडलं की ती बुटाच्या पट्ट्याला हात लावायची आन् माह्याकडं बघायची. मी लेकरू घ्यायचे, डाव्या हातावर निजवायचे. तो हात सरळ होत न्हाई, थकत न्हाई. त्याच्यात ती दांडीबुटासकट निजायची. इहीणबाई आली की म्हणायची, "तुमचा हात पाळणाच हाय, दोरी लावायची ऱ्हायली तेवढी." हळूहळू लेकराला सवय झाली. दांडीनं भांडी वाजवायला लागली ती.

शेजारच्या बाया यायच्या. एकदा एक जण म्हणली, "लेकराला बेडी काहून घातली वो? पाय तं सरळ दिसून राहिला. सोडून टाका की." मी काही म्हणायच्या आत इहीणबाई आतून बाहेर आली.

"कान दाबा तुमचा."

"काय?"

"कान दाबा म्हणते ना. वरून. मऊ लागते का न्हाई? तसा हाय आजून तिचा पाय आतून. आत्ता सोडला का परत जाते. हाड भरून राहिलंय तिथं, भरू द्या."

ती बाई कान धरून बसली. मी पदरात तोंड घालून हासले.

पुढच्या सालची हळद शिजली. अंगणात वाळत घातलेली. नात बुटातून काढली होती, आता बूट निजतानाच. भिंतीला धरून उभी ऱ्हायची ती, त्या दिशी भिंत सोडली. मी हळद पालटून राहिले होते. ती चालत माह्याकडं आली, हळकुंडं पायाखाली टोचत होती तरी आली. दोन्ही टाचा टेकलेल्या, दोन्ही तळवे खाली. माह्यापाशी येऊन माह्या वाकड्या हाताला लोंबकळली. सुनंला म्या हाक मारली न्हाई. हाक मारली असती तं लेकरू खाली बसलं असतं. दोघीच होतो तिथं. मी बघून घेतलं.

आता ती पळते. निजताना आपणच बूट आणून देते, पट्ट्या लावायला. सकाळी मला म्हणते, "आजी, मी आंबाडा बांधू?" तिला कुठं जमते, केसाचं दावं करते. मी बसून घेते.

माहं म्हणणं एवढंच हाय, जो कोणी वाचंल त्यानं ऐकावं. घरात लेकरू जन्मलं का फडकं सोडून त्याचे दोन्ही पाय बघा. वळलेला दिसला तं झाकू नका, मोठं झाल्यावर बघू म्हणू नका, त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. आन् बूट दिले तं डाक्टर सोडा म्हणीस्तोवर सोडू नका.